वादळानंतरची विचारपूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुमच्याशी एका वादळाविषयी बोलणार आहे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं 'निसर्ग' चक्रीवादळ तुम्हाला आठवत असेल. मी स्वतः त्या दिवशी वादळात नव्हतो. मी पुण्यात होतो, चौथ्या मजल्यावर, खिडक्या लावून, हातात फोन घेऊन. वादळात होती ती माझी आई, दादा आणि वहिनी. म्हणजे खरं तर मी बोलणार आहे ते वादळापासून दूर असलेल्या माणसाविषयी. अशी माणसं आता पुष्कळ आहेत. कोकणातल्या बहुतेक घरांचा एक पाय मुंबईत, पुण्यात नाहीतर आखातात असतो. घरावर संकट आलं की या दूरच्या माणसानं काय करायचं असतं? मला ते ठाऊक नव्हतं. मी चुका करत शिकलो.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राची गाज रात्री घरात ऐकू येईल इतक्या अंतरावर. घर पणजोबांनी बांधलेलं. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी, आणि पडवी उतरली की वाडी. वाडीत माड आणि पोफळी. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तीच आमची सुपारी. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. गुडघे गेलेले, पण कान आणि स्मरणशक्ती शाबूत.

वादळाची सूचना आधीच मिळाली होती, हे मान्य केलं पाहिजे. २ जूनला दुपारी अरबी समुद्रातल्या त्या पट्ट्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला 'निसर्ग' हे नाव मिळालं. हे नाव बांगलादेशानं सुचवलेलं. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांसाठी तेरा देशांनी मिळून १६९ नावांची नवी यादी त्याच वर्षी केली होती, तिच्यातलं हे पहिलंच नाव. वहिनी फोनवर हसून म्हणाली, "निसर्ग येणार म्हणे पाहुणा! तो तर इथलाच आहे की." आम्हीही हसलो. कोकणी माणसाला पाऊस माहीत असतो, उधाण माहीत असतं, पण वादळाचं केंद्र थेट आपल्या दारात येईल ही कल्पना त्याच्या मनाला शिवत नाही. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' आलं होतं, तेव्हा आमची चार कौलं सरकली होती. आमच्या घरच्यांचं माप तेवढंच होतं.

३ जूनला सकाळी आठ वाजता मी फोन केला. दादा म्हणाला, "वारा वाढलाय. आईला शेजारी चाचांकडे हलवावं म्हणतो. त्यांचं स्लॅबचं आहे."

हे चाचा म्हणजे आमचे पिढीजात शेजारी. उमेदीची वर्षं त्यांनी जहाजावर खलाशी म्हणून काढलेली. मोठा मुलगा कुवेतला. त्याच्या कमाईवर जुन्या घराच्या जागी पक्कं घर उभं राहिलं होतं.

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "दादा, कोरोना चालू आहे. आई या वयाची. तिथे दहा माणसांत तिला कशाला नेतोस? घर शंभर वर्षांचं आहे, किती वादळं बघितली त्यानं. कुठे हलवू नकोस."

दादा थोडा थांबला आणि म्हणाला, "बरं."

त्यानंतर मी साडेनऊपर्यंत सात वेळा फोन केला. वारा किती आहे, पाऊस किती आहे, समुद्र कसा दिसतोय, जरा व्हिडिओ पाठव. दादा फोन उचलत होता, बोलत होता. वीज पहाटेच गेली होती, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या प्रत्येक फोनानं त्याच्या बॅटरीतला थोडा थोडा जीव जातोय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. साडेनऊनंतर फोन लागला नाही.

दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा, मध्येच १२० चे झोत. आकडा ऐकून माणसाला फारसं काही वाटत नाही. गाडीही शंभराच्या वेगानं जाते, असं आपण म्हणतो. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. शिवाय उतरत्या छपरावरून वारा जोरात जातो तेव्हा तो छप्पर नुसतं ढकलत नाही, वर ओढतो. मंगलोरी कौलं एकमेकांत अडकवून रिपांवर ठेवलेली असतात, आपापल्या वजनानं बसलेली. एक उठलं की वाऱ्याला आत शिरायला वाट मिळते आणि मग आतून दाब, वरून ओढ. हे मी नंतर वाचलं. त्या दुपारी मला एवढंच कळत होतं, की मी एका म्हातारीला कौलांखाली बसवून ठेवलंय.

श्रोतेहो, आमच्याकडे 'बरं' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, तू म्हणतोस तसं करतो. दुसरा, तू बोललास ते ऐकलं. पुढचे दोन दिवस मी त्या एका शब्दाचा कीस काढत होतो. दादा तो कुठल्या सुरात म्हणाला होता? मान डोलावत म्हणाला असेल, की आईच्या खोलीकडे बघत?

संध्याकाळी एक अनोळखी परदेशी नंबर आला. चाचांचा कुवेतचा मुलगा. "काका, अम्मीचा फोन लागत नाही. तुमच्याकडे काही खबर?" माझ्याकडे काही खबर नव्हती. त्याच्याकडेही नव्हती. आम्ही दोघं उगाच एकमेकांना धीर देत राहिलो. त्यानंतर तो दर दोन तासांनी फोन करायचा आणि दोघंही तेच बोलायचो.

रात्री ह्यूस्टनहून भाचीचा फोन आला. तिकडे अशा वादळांना हरिकेन म्हणतात. समुद्र वेगळा आणि नाव वेगळं, जात तीच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये 'हार्वी' हरिकेन आलं तेव्हा त्या भागात चार-पाच दिवसांत काही ठिकाणी हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता, आणि भाची तेव्हा शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर मुलाला घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मामा, सारखा फोन लावू नकोस. साधा मेसेज टाकून ठेव. त्यांच्या फोनला मिनिटभर रेंज आली तरी तो पोचेल. आणि बाहेरगावचा एकच माणूस ठरवा, सगळ्यांनी त्यालाच कळवायचं. आम्ही शिकागोच्या मैत्रिणीला ठरवलं होतं." मला ते पटलं. पण हे वादळाच्या आधी ठरवायचं असतं.

४ जूनचा दिवस सर्वांत वाईट गेला. त्या दिवशी माहिती नव्हती असं नाही, फार होती. गावच्या मुंबईकर मंडळींच्या ग्रुपवर व्हिडिओंचा पाऊस पडत होता. एकात एक लांबलचक पत्र्याचं छप्पर कागदासारखं उडताना दिसत होतं आणि खाली आमच्या गावाचं नाव लिहिलं होतं. मी तो पन्नास वेळा पाहिला. शेवटी बायकोनं फोन हातातून घेतला आणि म्हणाली, "अहो, मागच्या दुकानाची पाटी वाचा. मराठी तरी आहे का ती?" नव्हती. कुठल्या देशातलं वादळ आणि कुठल्या वर्षातलं, देव जाणे. पण तोपर्यंत तो मी स्वतःच चार नातेवाइकांना पाठवून मोकळा झालो होतो.

५ जूनला वटपौर्णिमा होती. दुपारी एकच्या सुमाराला फोन आला. मुलाचा आवाज, मागे मोटारसायकलींचा गलका. तो वाचून दाखवल्यासारखा बोलत होता. "तुमच्या घरचे तिघं सुखरूप. चाचांच्या घरी आहेत. छप्पर गेलं. वाडी गेली. घाई करून येऊ नका, रस्ता बंद आहे. ठेवतो, अजून खूप फोन करायचेत."

मी त्याला विचारलं, "तू कोण रे बाळा?" तोवर फोन ठेवला गेला होता.

मी कुवेतला फोन लावला. "सगळे ठीक आहेत. आमचे तुमच्याच घरात आहेत." पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. दोन दिवस आम्ही दोघं ज्यांची काळजी करत होतो, ती माणसं एकाच छताखाली, एकाच पातेल्यातला चहा पीत बसली होती.

त्या फोनची हकिगत मला नंतर कळली. आजकाल कुणाला नंबर पाठ नसतात. सगळे फोनच्या पोटात, आणि फोन मेलेले. पण आमच्या आईला फोनमधलं काही कळत नाही, म्हणून ती दरवर्षी नवीन कालनिर्णयच्या मागे सगळ्यांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घेते. घर सोडताना तिनं दोन वस्तू घेतल्या होत्या. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि भिंतीवरचं कालनिर्णय. दोन दिवसांनी गावातली पोरं, पडलेली झाडं तोडत आणि ओलांडत, रेंज मिळेल तिथपर्यंत जायला निघाली तेव्हा वहीच्या पानांवर घराघरांतून नंबर गोळा झाले. ज्यांना आपल्या मुलाचा नंबर आठवत नव्हता अशा दोघातिघांना आईच्या कालनिर्णयावर तो सापडला. म्हसळ्याच्या पुढे कुठेतरी फोनला रेंज आली, आणि पोरांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून एकेक नंबर लावून एकेक ओळ वाचून दाखवली. आधी माणसं कशी आहेत, मग घर. त्या दिवसांत मी पाहिलेली ती सगळ्यात चोख बातमीसेवा.

गावी जायला ७ जून उजाडला. तेव्हा टाळेबंदी होती, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा. ताम्हिणी घाट उतरून माणगावला आलो तेव्हापासूनच दोन्ही बाजूंना झाडं एकाच दिशेला आडवी झालेली. म्हसळ्याच्या पुढे विजेचे खांब असे वाकलेले, की जणू रस्त्यात काही शोधताहेत. गावात शिरलो आणि पहिल्यांदा रस्ताच चुकलो. वळणावरचा वड नव्हता. त्या वडाला बायका वटपौर्णिमेला सूत गुंडाळायच्या. यंदा त्यांनी आडव्या पडलेल्या खोडालाच हळदकुंकू वाहिलं होतं.

घराच्या भिंती उभ्या होत्या. वर आकाश होतं. आईच्या खोलीत गेलो. तिच्या खाटेवर गुडघाभर फुटकी कौलं होती आणि त्यांवर एक वासा तिरपा पडला होता. मी तिथेच उभा राहिलो. दादा मागून आला.

मी म्हणालो, "मी तुला हलवू नकोस म्हणालो होतो."

"हो."

"आणि तू बरं म्हणालास."

दादा म्हणाला, "तू फोनवर होतास. मी ओटीवर होतो." आणि तो कौलं उचलायला लागला.

या विषयावर तो पुन्हा कधी बोलला नाही. पण त्या दोन वाक्यांत मला सगळं कळलं. वाऱ्यात जो उभा आहे, निर्णय त्याचा. दूरच्या माणसाला नकाशा दिसतो, आकडे दिसतात. पण आढ्यातून येणारा कुरकुर आवाज ऐकू येत नाही. दादानं तो ऐकला होता. दहा वाजता त्यानं आणि चाचांच्या धाकट्यानं आईला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून पलीकडे नेलं होतं.

त्या घरात अकरा माणसं होती. चाचांनी सगळ्यांना मधल्या खोलीत बसवलं, खिडक्यांपासून लांब. कुणीतरी म्हणालं, एक खिडकी उघडी ठेवू, म्हणजे वारा आरपार जाईल. असं पुष्कळांना वाटतं, पण ते उलट आहे. वारा आत शिरला की तो छप्पर आतून उचलायला मदत करतो. चाचांनी दारामागे लाकडी बाक लावला आणि सगळं बंद ठेवलं. चाचींनी आईसाठी वेगळ्या पातेल्यात वरणभात केला होता. एका कोपऱ्यात सेलवरचा ट्रान्झिस्टर चालू होता. बाहेरच्या जगाचा तेवढाच आवाज आत येत होता.

आधी वारा डोंगराकडून आला. मग एकाएकी थांबला. पाऊसही ओसरला, उजेड पडला. लोकांना वाटलं संपलं. दादा घर बघायला उठला. चाचांनी त्याचं मनगट धरलं. "बस. अजून अर्धं बाकी आहे." त्यांनी समुद्रावर अशी वादळं पाहिली होती. चक्रीवादळ आपल्याकडे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं आणि मध्यभागी शांत असतं. केंद्र डोक्यावरून जात असेल तर मध्ये थोडा वेळ असा सन्नाटा होतो आणि मग वारा उलट्या बाजूनं येतो. तसाच तो आला, समुद्राकडून. आमचं छप्पर गेलं ते त्या दुसऱ्या अर्ध्यात. दादा त्या वेळी आमच्या ओटीवर असता तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

जाताना मी काय नेलं तेही सांगतो, कारण त्यातही मी जवळजवळ चुकलोच होतो. पहिल्यांदा मी बिस्किटं आणि फरसाण भरायला लागलो होतो. बायको म्हणाली, पाऊस तोंडावर आलाय, छप्पर नाही, आधी ताडपत्री घ्या. मग ताडपत्र्या घेतल्या, सुंभ, खिळे, मेणबत्त्या, काड्यापेट्या, बॅटरीचे सेल, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आणि दळलेलं पीठ. वीज नाही म्हणजे गिरणी बंद, हे शहरात सुचत नाही. पंपही बंद, म्हणून विहिरीसाठी नवीन दोर. कित्येक गावांत महिनाभर वीज आली नाही. ताडपत्री पाहून वहिनी रडली. आम्ही आणलेलं फरसाणाचं एकुलतं पाकीट मात्र पोरांनी संपवलं.

आणखी एक गोष्ट. वादळ गेल्यावरही धोका संपत नाही. ओल्या कौलांवरून घसरून, अर्धवट तुटलेली झाडं तोडताना, लोंबणाऱ्या तारांना हात लागून माणसं जायबंदी होतात. तेव्हा घरच्यांना 'लवकर छप्पर घाला' असं फोनवरून सांगू नये. चार दिवस ताडपत्रीखाली काढलेले परवडतात.

आता वाडीविषयी. सुपारीचं झाड लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, माडालाही साधारण तितकीच. आजोबांनी लावलेले माड होते. वाडीतून समुद्र कधी दिसत नसे. आता पडवीत बसून दिसत होता. जूनमध्ये दादा कामात होता. पंचनामा, साफसफाई, छप्पर. लोक येत होते, फोन करत होते. जुलै उजाडला, छप्पर झालं, लोकांचे फोन थांबले, आणि मग दादा गप्प झाला. वहिनीनं हळूच कळवलं, "जेवत नाहीत धड. वाडीकडे पाठ करून बसतात."

श्रोतेहो, आपली विचारपूस पहिल्या आठ दिवसांतली असते. तेव्हा माणूस धावपळीत असतो, त्याला ती तितकी लागतही नाही. खरी लागते दीड-दोन महिन्यांनी. मी दर रविवारी संध्याकाळी फोन करायचं ठरवलं. सल्ला द्यायचा नाही, एवढं पथ्य. क्रिकेट, भाव, आईचे गुडघे. सप्टेंबरातल्या एका रविवारी तो आपणहून म्हणाला, "शंभर रोपं आणलीत सुपारीची. चाचा म्हणतात, आपल्याला नाही, पोरांना होतील." मी म्हणालो, "बरं."

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' आलं. ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातेत जमिनीवर चढलं. आमच्याकडे त्याचा तडाखा बाजूनं बसला. या वेळी मी वादळाच्या दोन दिवस आधी एकच फोन केला आणि तीनच प्रश्न विचारले. कुठे जाणार? कुणाकडून कळवणार? कधीपर्यंत कळलं नाही तर मी हालचाल करू? दादानं सांगितलं : चाचांकडे. निरोप कुवेतच्या मुलाला आणि मला एकदम. दोन दिवस वाट बघ. मग मी फोन केला नाही. फार कठीण गेलं. हात सारखा फोनकडे जायचा. पण त्याची बॅटरी त्याच्यासाठी राहू दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मेसेज आला. दादाला टाइप करायचा कंटाळा. एकच शब्द होता : बरं.

या वेळी त्याचा अर्थ लावायला बसावं लागलं नाही.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगतो. आज रात्री जेवण झालं की एक कागद घ्या. आपल्या माणसांचे नंबर हातानं, मोठ्या अक्षरांत लिहा. त्यात शेजाऱ्याचा नंबर लिहायला विसरू नका. तो कागद कालनिर्णयच्या मागे चिकटवा, आणि त्याची एक प्रत गावी पाठवा. आमच्या घरात आता दोन्हीकडे तो आहे. पुण्याच्या कागदावर सर्वांत वर चाचांचा नंबर आहे.